तुम्ही विचारलंत म्हणून: वरची अक्षरं काढली तर काय बिघडतं?

भिंतीवरचा सेश्शूचा, म्हणजे पंधराव्या शतकातल्या जपानी चित्रकाराचा, डोंगर बघून येणारा प्रत्येकजण विचारतो, वरती एवढं काय लिहिलंय, तुला वाचता येतं का. नाही येत. चिनीत आहे ते, आजच्या साध्या जपानी माणसालाही धड लागत नाही. मग पुढचं ठरलेलं: अरे मग नुसतं चित्र ठेवायचं ना!

ते झालंय करून, दुसऱ्या एका प्रिंटवर. दादाने टोकियोहून सेश्शूच्या 'हाबोकू सान्सुई'ची (उडवलेल्या शाईतलं निसर्गचित्र) अख्खी प्रिंट आणली होती, मूळ चित्र दीड मीटर उंच आणि रुंदी जेमतेम फूटभर, तळाला शाईच्या चार फटकाऱ्यांतला डोंगर नि वर सगळं लिखाण. फ्रेमिंगला टाकली. आणायला गेलो तर आत फक्त डोंगर. "वरचा मजकूर कापला, लूक जात होता," दुकानदार कौतुकाने सांगतोय, आणि साइज कमी झाली म्हणून पैसेही कमी लावलेत! कापलेला तुकडा मागितला तर कचऱ्याची गाडी येऊन गेलेली. मी एवढा भांडलो, आवाज फाटला माझा, शेजारच्या गिऱ्हाइकाला वाटलं घरातल्या कुणाचा तरी फोटो गेला.

आता ऐका काय गेलं ते. १४९५ साल, शिष्य सोएन शिकून कामाकुराला परत निघाला, शिकल्याची खूण म्हणून त्याने गुरूकडे चित्र मागितलं. सेश्शूने ते काढलं आणि वर स्वतः लिहिलं, वय ७६, नजर अंधुक झालीय, चीनला जाऊन शिकलो खरा पण आपले जपानी चित्रकार जोसेत्सू आणि शूबुन किती मोठे ते तिकडून आल्यावर समजलं. मग क्योतोत सोएनने झेन पंथाच्या सहा बौद्ध भिक्षूंकडून त्याच्यावर कविता लिहून घेतल्या. म्हणजे तो डोंगर सर्टिफिकेट आहे हो, आणि यांनी सह्याच कापल्या!

जोसेत्सूच्या चित्रात तर शोगुन (जपानचा लष्करी शासक) आशिकागा योशिमोचीने कोडंच घातलेलं, गुळगुळीत भोपळ्याने बुळबुळीत मासा कसा धरायचा, आणि ३१ भिक्षूंनी कवितेत उत्तरं दिली. ती काढा, उरेल एक माणूस, एक मासा.

पण कॉलेजात मीच तावातावाने म्हणायचो, चित्राला शब्दांची गरज पडली म्हणजे चित्र फसलं. त्या पोराला आजही पूर्ण गप्प करता येत नाही मला, कारण ती कापलेली फ्रेम दिसते सुंदर, काय करणार. आतल्या खोलीत लावलीय, तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही आणि आईला तीच जास्त आवडते.