बघितल्यास का?

पौष वद्य चतुर्दशी, रात्री उशिरा

आई सहज बोलून गेली. कृत्तिकांचा फोटो मोबाइलवर दाखवला, तिनं तो चष्म्याशिवाय बघितला (ऑपरेशन झाल्यापासून तिला त्याचं फार अप्रूप आहे), ताऱ्यांभोवतीच्या निळ्या धुक्यावर बोट ठेवून "काय सुंदर रे" म्हणाली. मग विचारलं, "तू बघितल्यास का?"

"अगं, मीच काढलाय."

"ते कळलं. पण बघितल्यास का?"

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कारण मी कृत्तिका बघितलेल्या नाहीत. निदान या हिवाळ्यात तरी नाही.

मग रात्र रात्र परसात दुर्बिणीशी बसून मी काय बघतो? आमच्याकडे ध्रुव जेमतेम १७ अंशांवर, तोही नेमका पलीकडच्या नारळाआड. वाऱ्यानं झावळी हलली की क्षणभर दिसतो, तेवढ्यात माउंटचा, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा, अक्ष त्याच्याशी जुळवायचा. मग रोहिणीवर फोकस. नळीच्या तोंडावर खाचांची चकती लावली की ताऱ्यातून तीन रेघा फुटतात, मधली रेघ बरोबर मध्यावर येईपर्यंत केसाएवढं चाक फिरवत राहायचं. मग कृत्तिका चौकटीत आणायच्या आणि एकेका मिनिटाच्या फ्रेम सुरू करायच्या. त्यानंतर माझं सगळं लक्ष बॅटरीवर, दवावर, वाऱ्यावर. रानात कुणी पाचट पेटवलं की काजळी उडत येते, ती आरशावर बसायच्या आत नळी झाकायला धावायचं.

एवढं करून ताईचा ग्रुपवर एक अंगठा आला. अण्णा असते तर त्यांनी... असो.

वाईट याचं वाटतं की ज्या कामासाठी इतकी थंडी खाल्ली, त्यात बघणंच राहिलं असं आईला एका वाक्यात दिसलं. मला कसं दिसलं नाही? की दिसलं होतं आणि मी तिकडे वळत नव्हतो?

गॅलिलिओनं १६१० साली कृत्तिकांचं चित्र छापलं त्यात ३६ तारे आहेत. डोळा दुर्बिणीला लावून त्यानं एकेक टिपला. त्याला बघावंच लागलं, दुसरा मार्ग नव्हता. मी एकही तारा मोजलेला नाही, सॉफ्टवेअरनं मोजले.

पण दुसरी बाजूही आहे, ती लिहिली नाही तर मी स्वतःवर अन्याय करीन. १८८५ मध्ये पॅरिसच्या आंरी बंधूंना कृत्तिकांतल्या माया या ताऱ्याभोवतीची अभ्रिका, म्हणजे धूसर ढग, सापडली ती फोटोच्या काचेवर. डोळ्यांना आधी ती दिसलीच नव्हती. आईनं बोट ठेवलं ते निळंही तसलंच. ती धूळ कृत्तिकांच्या जन्मातली नव्हे. हे तारे सध्या धुळीच्या एका ढगातून चाललेत आणि त्यांचाच प्रकाश तिच्यावरून परततो. सुमारे ४४० वर्षं प्रवास करून आलेला तो उजेड इतका क्षीण असतो की आमच्या आकाशात १३० मिमीच्या आरशातून डोळ्याला काही लागत नाही. एका फ्रेममध्येसुद्धा नुसता करडा गोंगाट असतो. शंभरेक फ्रेम एकावर एक चढवल्या की गोंगाट विरत जातो आणि मेरोपी या कृत्तिकांतल्या ताऱ्याखालून निळं वर येतं. ते पहिल्यांदा स्क्रीनवर आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ते बघणं नव्हतं असं मी आईलाही म्हणू देणार नाही.

तरी तिचा प्रश्न उरतोच. फोटोत मोठे तारे फुगतात, त्यांच्या भोवती आरशाच्या दांड्यांचे चार काटे येतात. आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, तेच तारे सुईच्या टोकाएवढे, टणक आणि थरथरते दिसतात. ती थरथर माझ्या कुठल्याच फोटोत नाही. पूर्वी मी त्यासाठीच तर बाहेर यायचो.

आज गावात पाचट जळतंय, काही मांडलं नाही. उद्या अमावास्या आहे. अंधार पडला की आधी २५ मिमीची आयपीस लावणार. कृत्तिका माथ्यावर येतात तेव्हा आयपीस भलत्याच कोनात जाते, म्हणून नळी कड्यांत फिरवून ती आईच्या खुर्चीच्या उंचीला आणावी लागेल. तिचं झालं की मी बघेन. मग कॅमेरा चढवायचा म्हणजे फोकस नव्याने, तोल नव्याने, कदाचित ध्रुवसुद्धा नव्याने. तासभर जाईल. जाऊ दे.