लोपेझ बेटावर भेटलेला माणदेश

माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीपासून थोडं आत. आषाढात आमच्याकडे ढग रोज येतात. पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून पळत जातात आणि खाली थेंब पडत नाही. नुसता वारा सुटतो. शंभरेक किलोमीटरवर महाबळेश्वरात तेव्हा पाऊस कोसळत असतो. सातवीत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर सह्याद्री काढला, त्याच्या पूर्वेला तिरप्या रेघा मारल्या आणि ‘पर्जन्यछाया’ हा शब्द लिहिला. आमचं गाव त्या रेघांत होतं.

गेल्या नोव्हेंबरात त्या रेघा मला पुन्हा दिसल्या, त्याही अमेरिकेच्या वायव्य टोकाला.

आम्ही सिएटलजवळ राहतो. इथे पाऊस हिवाळ्यात. नोव्हेंबरात दिवसभर रिपरिप आणि साडेचारलाच अंधार. त्या शनिवारी वायपर चालू ठेवूनच आम्ही ॲनाकॉर्टिसच्या धक्क्यावर पोचलो आणि गाडीसकट फेरीत चढलो. पाऊण-एक तासानं लोपेझ बेटावर उतरलो, तर डोक्यावर निळं आभाळ. मागे किनाऱ्यावर काळोखी तशीच होती.

लोपेझ हे सान हुआन बेटांपैकी एक. ही बेटं म्हणजे व्हँकुव्हर बेट आणि वॉशिंग्टन राज्याचा किनारा यांच्या मधला पुंजका. नाव असलेली बेटं आणि खडक मिळून 172, आणि फेरी लागते फक्त चार बेटांना. हिमयुगात इथे सुमारे दीड किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो सरकताना त्यानं डोंगर घासून गोल केले आणि दऱ्या खोल कोरल्या. पुढे त्यांत समुद्र शिरला. लोपेझच्या दक्षिण टोकाला, आइसबर्ग पॉइंटला, खडकावर समांतर खाचा आहेत. बर्फात अडकलेल्या दगडांनी ओढलेल्या. मी त्यांवरून हात फिरवला. आमच्या विहिरीच्या काठाला दोर घासून अशाच खाचा पडल्या आहेत.

तिथेच बसले आणि समोर सगळा फळा दिसला. नैर्ऋत्येला सामुद्रधुनीपलीकडे ऑलिंपिक पर्वताची रांग, सर्वांत उंच शिखर 2,432 मीटर. प्रशांत महासागरावरून आलेले ढग तिच्या पलीकडच्या उतारावर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. तिकडच्या होह खोऱ्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते आणि ढग विरतात. लोपेझच्या या टोकाला पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. म्हणजे आमच्या माणएवढाच. ऑर्कस बेटावरचा माउंट कॉन्स्टिट्यूशन इथून फार लांब नाही, पण तो सव्वासातशे मीटर उंच, म्हणून उरलेल्या ढगांतून तो याच्या दुपटीहून जास्त पाऊस ओढून घेतो. इथली छाया वाऱ्याप्रमाणे सरकतेसुद्धा. नैर्ऋत्येचा वारा असेल तर ती बेटांवर पडते. कधी ईशान्येकडून कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातली गोठलेली हवा येते, तेव्हा मात्र हाडं गारठतात.

पाऊस तेवढाच, मग हे बेट हिरवं आणि आमचा माळ उघडा का? हा प्रश्न मला दोन दिवस सोडत नव्हता. समोरचा समुद्र बारा महिने सात ते अकरा अंश सेल्सिअस असतो. त्याच्या शेजारी ना कडाक्याची थंडी टिकते ना उन्हाळा तापतो. जुलैतसुद्धा दुपारी वीस-बावीस अंश. शिवाय इथला पाऊस भुरभुरत पडतो, कितीतरी दिवसांत वाटून, आणि तोही ऊन कोवळं असताना. जमीन तो पिऊन घेते. आमच्याकडचा निम्मा पाऊस परतीच्या चार-सहा सरींत येतो, मुरमावरून ओढ्याला जातो, आणि जे मुरतं ते पुढे चाळीस अंशांचं ऊन शोषून घेतं. मिलिमीटर सारखे असले तरी पाणी सारखं नाही.

पण ही हिरवाई अर्धीच खरी आहे. ऑगस्टात मी इथे आले होते तेव्हा गवत कुसळांसारखं पिवळं पडलेलं, पायाखाली चुरचुरत होतं. उन्हाळा इथे जवळजवळ कोरडा जातो. मॅड्रोनाच्या झाडांची लाल साल कागदासारखी सुटलेली असते. आणि खडकाच्या सांदीत, दक्षिणेकडच्या उताराला, निवडुंग! बोटाएवढ्या पेरांचा, जमिनीसरपट, पण काटे तस्सेच. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या समुद्रात निवडुंग बघून मला भरून आलं.

आम्ही उतरलो होतो त्या घरात नळावर चिठ्ठी होती: पाणी विहिरीचं आहे, जपून वापरा. घरमालकीणबाईंनी सांगितलं, बेटावर बर्फाचं वितळलेलं पाणी घेऊन येणारी नदी नाही; पडेल आणि मुरेल तेवढंच पाणी. सच्छिद्र जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस फूट असतं. म्हणून वरची पातळी एक फूट उपसली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढू शकतं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी अशाच मचूळ झाल्या आहेत. बाई दर महिन्याला पातळी मोजून वहीत लिहितात.

रात्री आण्णांना फोन लावला. आमचे आण्णा अजून पोहऱ्याच्या दोरीला गाठी मारून विहीर मोजतात. सगळं ऐकून ते म्हणाले, “चारी बाजूला पाणी, आन त्या बाईला घोर पाण्याचाच. मग पत्र्यावरचं पाणी धरती का न्हाई?”

मी सकाळी विचारलं. धरतात. पन्हळीखाली हजारभर गॅलनची टाकी होती, नोव्हेंबरातच अर्धी भरलेली. मी तिचा फोटो पाठवला. आण्णांचा लगेच उलटा फोन आला: पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला खाली तोटी कुठंय, ती फोटोत दिसत नाही, नीट बघून सांग.