भराव टाकल्यावर ओढ्याचं पाणी जाणार कुठं?

परवा संध्याकाळी चालायला गेलो तर कॉलनीच्या मागं उसाच्या रानात तीन डंपर उभे आणि मुरूम ओतायचं काम चालू. रस्त्याकडंला मोठा बोर्ड लागलाय, चार टॉवर, क्लब हाऊस, स्विमिंग पूल. पोटात गोळाच आला, कारण २०२१ च्या जुलैमध्ये त्याच रानात उसाचे फक्त शेंडे दिसत होते, ते मी माझ्या गच्चीवरनं बघितलंय.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमची कॉलनी कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं रिंगरोडला. मागं एक ओढा आहे, उन्हाळ्यात त्यात घोटा पण भिजत नाही, पण पंचगंगा फुगली की ओढ्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचंच पाणी ओढ्यातनं उलटं वर यायला लागतं, मग आपल्याकडं पाऊस उघडला तरी धरणाकडं पडतोय तोवर हे वाढतच राहतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथं ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

२०२१ ची ती रात्र मी विसरूच शकत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मेसेज येत होते, लाईट नव्हती, दोन वाजता बॅटरी घेऊन गेटपाशी गेलो तर आधी पाचट आणि रिकाम्या बाटल्या तरंगत आल्या आणि त्यांच्या मागनं पाणी. कसलाच आवाज नाही. शेजारचे काका छत्री धरून दर तासाला गेटच्या खांबावर विटेच्या तुकड्यानं रेघ मारत होते, आत बायकांनी तांदळाची पोती आणि पोरांची दप्तरं माळ्यावर टाकलेली. शेवटची रेघ आमच्या पहिल्या पायरीच्या दोन बोटं खाली थांबली. काकांनी नंतर ती रेघ लाल ऑइल पेंटनं पक्की केली, अजून तशीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती रेघ तिथं थांबली कारण मागच्या रानात पाण्याला पसरायला जागा होती. आता त्या जागेत माणूसभर उंचीचा भराव पडणार असेल तर तेवढं पाणी कुठंतरी जाणारच की, आणि आमची गल्ली त्या रानापेक्षा फार उंच नाही.

साइटवर विचारलं तर सगळं नियमात आहे म्हणाले. असेल. नियम असा आहे की २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तिच्या आत बांधकामाला बंदी, आणि १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्हींच्या मधे जोतं उंच घ्यायच्या अटीवर परवानगी मिळते. म्हणजे टॉवरवाले कोरडे राहणार, मान्य, पण त्यांनी उंची घेतल्यावर शेजारच्या बैठ्या घरांचं काय होणार हे कोण बघणार? आणि दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा ५५ च्या वर पाणी गेल्यावर हे २५ आणि १०० चे हिशोब परत मांडायला नकोत का?

नवीन लोक येऊ नयेत असं मी म्हणत नाही, ते चुकीचं होईल, आम्ही २००८ ला आलो तेव्हा इथं पण रानच होतं आणि जुन्या वस्तीनं आम्हाला कधी परकं मानलं नाही. ज्यांनी जमीन दिली त्यांना पण दोष नाही, दोन महापुरात उभा ऊस कुजलेला त्यांनी बघितलाय, पाणी ओसरल्यावरचा तो आंबूस वास आठवला की आजही जेवण जात नाही. पाणीपुरवठा, ड्रेनेज, रिंगरोडचं ट्रॅफिक हे प्रश्न आहेतच, महापुरात बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रं बुडाली तेव्हा अख्खं शहर टँकरच्या रांगेत होतं, आता त्यात अजून चार टॉवर. पण त्यावर उद्या काही ना काही मार्ग काढता येईल. बुजवलेला ओढा परत उकरून कुणी देत नाही.

मंजूर नकाशा बघायला मी दोनदा ऑफिसला जाऊन आलो, एकदा साहेब मीटिंगला, एकदा फाईल टेबलावर नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि डंपर तर रोज येतायत, म्हणून थांबून चालणार नाही. आपण लेखी मागायचं ते हेच, की ओढ्याची सरकारी मोजणी होईपर्यंत भराव थांबवा, दोन्ही काठ मोकळे ठेवा आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते जागेवर येऊन बघा, खांबावरची रेघ आम्ही दाखवतो.

रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळात जमूया. मोबाईलमध्ये २०१९ आणि २०२१ चे फोटो असतील तर तारखेसकट प्रिंट काढून आणा, सहीला घरातलं एक तरी माणूस पाठवा. अर्जाच्या दोन प्रती करू आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलावरनं हलायचं नाही.