मागे दोन दाते जास्त

रविवार, रात्री उशिरा

बाईकच्या रेसमध्ये काल दुसरी आले, आज पहिली. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात अजून ताठ आहेत, अक्षर वाकडंतिकडं येतंय. पण उद्यावर टाकलं तर निम्मं विसरेन.

शुक्रवारचं फारसं लिहिण्यासारखं नाही. स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, ऑइलच्या ड्रेन बोल्टची सेफ्टी वायर (तो सुटू नये म्हणून बांधलेली तार) बघितली, मूठ सोडल्यावर थ्रॉटल आपोआप मिटतो का ते बघितलं, हेल्मेट आणि पाठीचा प्रोटेक्टर तपासला, स्टिकर लावलं. शेजारच्या एका मुलाच्या रेडिएटरमध्ये कूलंट निघालं. त्याला ते सगळं काढून साधं पाणी भरून परत यायला सांगितलं. बिचारा वैतागला. पण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की तिथे टायर धरत नाही, आणि ते पुसून लवकर निघतही नाही. त्याच्या मागून मीच येणार होते, त्यामुळे मला तपासनीसाचंच पटलं.

या ट्रॅकवर सगळा खेळ शेवटच्या वळणाचा. उजवं, लांबलचक, आणि त्यातून सुटलं की समोर मुख्य सरळ पट्टा. इथून ताशी पाच किलोमीटर जास्त घेऊन बाहेर पडलं तर त्याचा फायदा पट्टा संपेपर्यंत मिळत राहतो. आतल्या बारीक वळणांत कितीही मर्दुमकी दाखवा, ती पुढच्या ब्रेकपर्यंतच पुरते. काल मला आतल्या भागात कुणी हात लावू शकत नव्हतं आणि तरी निळी बाईकवाला दर लॅपला पट्ट्यावर आरामात शेजारून निघून जायचा. त्याचं इंजिन माझ्यापेक्षा ताकदीचं आहे असं पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे आम्ही सगळे बाईक लावतो तिथे, सगळे म्हणतात. असेलही. पण मी त्याच्या मागून तेच वळण घेताना नीट ऐकलं: तो बाहेर पडताना गिअर बदलतच नव्हता.

माझं तिथे अडत होतं. दुसऱ्या गिअरमध्ये बाईक अजून झुकलेली असतानाच इंजिन लिमिटरला, म्हणजे त्याच्या आरपीएमच्या कमाल मर्यादेला, टेकायचं, आणि झुकलेल्या बाईकवर गिअर टाकला की मागचं चाक हिसका देतं. तिसऱ्यात गेलं तर उलटं. सहाशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात खालच्या आरपीएमला जीव नसतो, मूठ पिळून वाट बघत बसायचं.

काल रात्री दादा चेन साफ करता करता म्हणाला, "अगं, मागे दोन दाते वाढवू. तिसरा जिवंत होईल."

"आणि पट्ट्याच्या शेवटी लिमिटर लागेल त्याचं काय?"

"लागू दे की. तोवर तू पुढे असलीस म्हणजे झालं."

मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, दाते वाढले की त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, म्हणून तिसऱ्यात जीव येतो आणि लिमिटरही लवकर लागतो. स्प्रॉकेट बदलणं म्हणजे किती मिनिटांचं काम! पण त्याच्यासोबत बाकीचंही हलतं. चेन तीच ठेवून मागे दोन दाते वाढवले की चाक जवळजवळ आठ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर तेवढं कमी, म्हणजे बाहेर पडताना पुढचं चाक हलकं. आज सकाळच्या वॉर्मअपमध्ये ते लगेच जाणवलं. वळणातून सुटताना मूठ पिळली की हँडल हातात थरथरायचं, पुढचा टायर जमिनीला नुसता चाटून चालला होता.

त्यावर उपाय मागच्या ब्रेकचा. गॅस चालू ठेवूनच मागे किंचित ब्रेक धरून ठेवला की पुढचं चाक खाली राहतं. पण उजव्या वळणात उजवा पाय पेडलवर नेणार कसा? बाईक झुकलेली, बुटाचा पुढचा भाग जमिनीला घासतोय. म्हणून माझ्या बाईकला डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक आहे. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर मिक डूहान या रेसरचा उजवा पाय मोडला, तो पुन्हा धड चालेना, तेव्हा त्याच्यासाठी अशी व्यवस्था केली होती. पुढे १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा तो ५०० सीसीचा जगज्जेता झाला. आता धडधाकट पायांचे रेसरही अंगठ्याचा ब्रेक वापरतात. मला त्या अंगठ्याची सवय व्हायला फार वेळ लागला. सुरुवातीला क्लच आणि तो ब्रेक एकाच हातात म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. आज त्यानेच वाचवलं.

रेसचं सांगायचं तर स्टार्ट बरा झाला, बाकी पहिले काही लॅप नुसतं टायरवर विश्वास बसण्यात गेले. मध्येच एका वळणाला पिवळा झेंडा, कुणीतरी पडलं होतं, उठून चालत निघालेलं दिसलं. तिथे ओव्हरटेक करता येत नाही, म्हणून निळ्याच्या मागे मुकाट्याने राहिले. खरं तर ते बरंच झालं. त्याच्या मागे राहून बघता आलं की त्याचा मागचा टायर आता सरकायला लागलाय. शेवटच्या वळणात काळा पट्टा उमटत होता आणि तो दर लॅपला मूठ उशिरा उघडत होता.

शेवटच्या लॅपला मी ठरवून मागे राहिले. सगळ्यात कठीण तेच. वळणाच्या तोंडाशी आत शिरायला जागा होती, हात शिवशिवत होते, पण आत घुसले असते तर एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, वेग मेला असता आणि पट्ट्यावर तो पुन्हा शेजारून गेला असता. म्हणून दोन बाइकींचं अंतर सोडलं, वळणाच्या मध्यापर्यंत दम धरला, बाईक लवकर सरळ केली आणि तिसऱ्यातच मूठ पूर्ण पिळली. अंगठा दाबलेला. पुढचं चाक खालीच राहिलं. इंजिनाचा आवाज कुठेही न अडखळता वर वर चढत गेला, तो आवाज अजून कानात आहे.

मग त्याच्या मागच्या पोकळीत शिरले. तिथे हवा लागेनाशी होते आणि बाईक आपोआप ओढली जाते. बाहेर कधी पडायचं हाच प्रश्न असतो. लवकर पडलं तर आपल्याला वारा आणि त्याला आपली पोकळी. चौथा टाकला, हनुवटी टाकीवर, आणि रेषा दिसायला लागल्यावरच बाहेर काढली.

मला वाटलं हरले. त्यालाही वाटलं तो हरला. दोघंही शेजारी शेजारी बघत पुढे गेलो आणि पहिल्या वळणाला जवळजवळ उशीरच केला. ट्रान्सपाँडरने, म्हणजे बाईकवरच्या वेळ मोजणाऱ्या यंत्राने, फरक दाखवला चार शतांश सेकंद. तिथे वेग ताशी १८० च्या आसपास असणार, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चार शतांश म्हणजे दोन मीटर, एका बाईकची लांबी. दादा हे गणित कागदावर करून सगळ्या पॅडॉकला दाखवत फिरत होता.

लिमिटर लागला का? लागला, पण रेषा ओलांडल्यानंतर.

संध्याकाळी निळी बाईकवाला हेल्मेट काखेत घेऊन आमच्याकडे आला. अभिनंदन केलं, माझ्या मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि शेवटी सरळ विचारलंच, किती दाते लावलेत? दादा ऐकू न आल्यासारखं करून टूलबॉक्स आवरायला लागला. मी आकडा सांगून टाकला. घरी येईपर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. पुढच्या रेसच्या आधी नवं काहीतरी शोधून काढावं लागणार, असं जेवताना म्हणाला तेवढंच.