शपथ मोडलेली नाइट : छातीकवच, टप्पा ३

हे कॉस्प्लेसाठी, म्हणजे कल्पित पात्राच्या वेशभूषेसाठी, केलेलं फोमचं कवच. पॅटर्न आणि कापणी मागच्या दोन टप्प्यांत उरकली होती. आता छातीकवच जोडून, खोदून, रंगवून तयार आहे. पात्राची उजळणी एवढीच: राजनिष्ठेची शपथ घेतलेली आणि त्याच राजाच्या हुकमावरून निःशस्त्र वस्तीवर चालून गेलेली नाइट. छातीवरचं राजचिन्ह तिनं स्वतःच खरवडलंय, पण पुरतं नाही. कवच मात्र अजून तेच घालते. म्हणून कोणती खूण लढाईतली आणि कोणती तिच्या हातची, हे चार पावलांवरून ओळखू यायला हवं.

पाया १० मिमी ईव्हीए फोमचा (हलका, लवचीक फोम). गोल वळवल्यावर आतला घेर बाहेरच्यापेक्षा साधारण ६३ मिमीनं कमी भरतो. शिवाय आत जाड अंगरखा येतो. मापात ही वाढ धरली नाही तर बगलेखाली कवच दाटतं. काँटॅक्ट अॅडेसिव्ह दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, साधारण १०-१५ मिनिटं. ओलं असतानाच दाबलं की सांधा वाकवताना उघडतो. छातीचा आकार एकसंध, मधोमध उभी धार. दोन वेगळ्या वाट्या काढल्या तर वार घसरून नेमका छातीच्या हाडावर येईल. ही बाई पोटासाठी लढणारी आहे, दिखाव्यासाठी नव्हे.

आता चिन्ह. २ मिमी फोममधून कापून चिकटवलं आणि मग खरवडलं. पहिल्या चाचणी तुकड्यावर आडवेतिडवे ओरखडे काढले होते; ते सरळ तलवारीचे वार वाटले. वार एकटा असतो, खोल, व्ही आकाराचा. खरवडणं उथळ, दाट, एकाच दिशेचं. कवच काढून मांडीवर घेतलं असतं तर सगळ्या बाजूंनी खरवडता आलं असतं; अंगावर असताना उजव्या हातातला खंजीर एकाच तिरक्या रेषेत चालतो. आपण दुसरं धरलं. चिन्हातल्या मुकुटाचा वरचा भाग तसाच ठेवला: तिथं तिचा हात थांबला.

क्रम चुकवू नका. फोमची छिद्रं बंद करायला हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) आधी संपूर्ण कवचावर फिरवायची, ओरखडे त्यानंतर. उलट केलं तर उष्णतेनं बारीक काप फाकतात आणि ओरखड्यांच्या चरी होतात. ओरखड्यांसाठी फिरवलेल्या तारेच्या ब्रशनं उठलेली लव मारण्यापुरतीच नंतर हीट गनची एक झटपट फेरी.

वर लवचीक रबर कोटिंगचे चार पातळ थर, दोन थरांच्या मध्ये अर्धा तास थांबायचं. पांढऱ्या गोंदाचे थर स्वस्त पडतात, पण कंबरेच्या वळणावर तडकतात.

रंग: काळा बेस, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं चंदेरी. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) दोन भाग, काळा एक भाग, पाणी भरपूर. लावून दोन-तीन मिनिटांत फडक्यानं पुसायचं. ओरखडे एका हंगामापूर्वीचे, म्हणून तळाशी गंज हवा. पण मुकुटाच्या कडेला शेवटी पुन्हा चंदेरी घासली: तिथं तिचा अंगठा अजून फिरतो. पट्ट्यांचं चामडं मात्र तेल दिल्यासारखं चकचकीत ठेवलंय, सैनिकाची सवय सुटत नाही.

खांदेकवच अजून बसलेलं नाही. हात वर नेला की त्याची कड मानेपाशी अडते. रिव्हेटऐवजी २५ मिमी इलास्टिकवर टांगून पाहायचंय.