मुरमाच्या वळणावर बाहेर पळणारं पुढचं चाक: आतापर्यंतचे बदल

सायकल २९ इंची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), १२० मिमी दबणारा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारं, हवेवर चालणारं सस्पेन्शन), २.३५ इंची ट्यूबवाले टायर. चालवणाऱ्याचं वजन पाठपिशवीसकट ७२ किलो. तक्रार एकच: सुट्या मुरमावर वळताना पुढचं चाक बाहेर सरकतं.

आधी हवा, कारण तिला पैसे पडत नाहीत. दोन्ही टायरांत ४० पीएसआय होती; एवढ्या हवेत टायर खड्यांवर बसत नाही, टणटण उडतो. पुढे २६, मागे २९ केल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली. पुढे २२ करून पाहिली, तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडल्या. ट्यूबलेस होईपर्यंत २६ ठीक.

मग फोर्क. फोर्कच्या नळीवरची ओ-रिंग (रबरी कडी) सीलला टेकवून, पेडलवर उभं राहून सॅग (नुसत्या वजनाने फोर्क किती दबतो ते) मोजला: १४ मिमी. पाहिजे होता २४, म्हणजे १२०च्या २० टक्के. हवा ५-५ पीएसआयने काढली. दर वेळी फोर्क चार-पाचदा खोल दाबायचा, नाहीतर निगेटिव्ह चेंबरची (फोर्कमधल्या, उलट बाजूने ढकलणाऱ्या दुसऱ्या कप्प्याची) हवा जुळत नाही आणि सॅग खोटा दिसतो. (शॉक पंप पुन्हा लावल्यावर काटा खाली दिसतो ती गळती नव्हे, फोर्कची हवा नळीत शिरते.) हवा उतरली म्हणून रिबाउंडही (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) दोन क्लिक मोकळा केला. तो संथ राहिला तर लागोपाठच्या दगडांत फोर्क वर यायच्या आत पुढचा दगड येतो आणि फोर्क दबतच जातो.

सगळ्यात शेवटी स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा), ८०च्या जागी ५० मिमी, आणि बार (हँडलचा दांडा) ७०० वरून ७६० मिमी रुंद. क्लॅम्पचा (स्टेम बारला पकडतो तिथला) व्यास दोन्हींचा ३१.८ मिमीच हवा, ३५चा बार यात बसत नाही. आधी टॉप कॅपने (स्टेमवरच्या झाकणाने) हेडसेटचा (हँडल फिरतं त्या बेअरिंगचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायचा, मग स्टेमच्या बाजूचे बोल्ट आलटून-पालटून ५ न्यूटन-मीटरला. नवा स्टेम बुटका निघाला: कॅप थेट स्टिअररवर (फोर्कच्या वर येणाऱ्या नळीवर) टेकली, कितीही आवळली तरी पुढचा ब्रेक दाबून हलवल्यावर टकटक जाईना. वर ५ मिमीचा स्पेसर (कडी) टाकून स्टिअरर ३ मिमी आत घेतल्यावर गेली.

वळण आता पटकन घेते, पण उभ्या चढावर पुढचं चाक हलकं पडतं. त्यासाठी स्टेमखालचा १० मिमीचा स्पेसर वर घेतलाय. रुंद बारामुळे ब्रेकची नळी पूर्ण डावीकडे वळवल्यावर ताणते, ती बदलायची बाकी आहे.