तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या का सोडत नाही?

“एवढा त्रास होतो, तर सोडून दे ना त्या गोळ्या!” नणंद म्हणते, शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात. लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप आकसली, बलूनने ती उघडली, तरी ठोके अनियमितच राहिले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मात्र कुणी ऐकून घेत नाही.

त्रास देते ती ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी, अमिओडॅरोन. दोनशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. शरीराला दिवसाला मिलिग्रॅमचा अंशही पुरतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, मी कूलर बंद करून शाल पांघरून बसायची. घरातले सगळे घामाने भिजलेले आणि माझे हात गार. आवाज जड झाला, विंचरताना केसांचा गुंता हातात यायचा. जिना चढायचा म्हटलं की रडू यायचं. सासूबाई म्हणाल्या, “वय झालं की असंच होतं.” ह्यांनी सुचवलं, मन रमव कशात तरी. मुलीने एके दिवशी तोंडावर विचारलं, “आई, तुला आता आमच्याशी बोलायचाही कंटाळा येतो का?” मला उत्तर द्यायचं होतं, पण शब्द जुळेपर्यंत ती उठून गेली होती. ते अजून सलतं. पुढे रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावला की वाढणारा आकडा, ६२. चार-पाचच्या आत असायला हवा तो. गोळीतल्या जादा आयोडीनने थायरॉईड मंदावला होता, मी नव्हे.

“बघ, आम्ही म्हणत नव्हतो!” हे लगेच आलं. पण डॉक्टरांनी अमिओडॅरोन थांबवली नाही, सोबत थायरॉईडची उणीव भरून काढणारी थायरॉक्सिन दिली. एका गोळीसाठी दुसरी गोळी, याचा मलाही संताप आला. शिवाय ही गोळी आज सोडली तरी औषध कित्येक महिने अंगात राहतं.

आणि तुम्ही ‘त्या गोळ्या’ म्हणता त्यात रक्त पातळ करायचीही येते. ती सोडणं वेगळं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, रक्त तिथे साचतं, गुठळी होते आणि मेंदूत गेली तर अर्धांग. वॉर्डात माझ्या शेजारच्या बाईंची उजवी बाजू आणि वाचा अशीच गेली होती. बरं वाटायला लागल्यावर गोळी सोडली होती त्यांनी. नवी, रक्त न तपासता चालणारी गोळी घे, असंही सांगता. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात माझ्यासारख्या ऱ्हुमॅटिक रुग्णांपैकी रिव्हारोक्साबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा, मी घेते तशा जुन्या गोळीवाल्यांत मृत्यू कमी होते. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, दोन ते तीनमध्ये राखायचा. पालेभाज्यांनी या गोळीचा असर बदलतो, म्हणून मेथी-पालक टाळायची नाही, पण दर आठवड्याला साधारण सारखीच खायची.

पूर्वी मीच म्हणायचे, थोडी धडधड परवडली, हा थकवा नको. आजही काही सकाळी तसंच वाटतं. मग छातीत ते वेडंवाकडं सुरू होतं, श्वास पुरत नाही, आणि वाटतं, गोळी राहू दे. दोन्ही वेळा मी खरंच बोलत असते. अमिओडॅरोन चालू ठेवायची की नाही, हे मी पुढच्या तपासणीला पुन्हा विचारणार आहे, आणि डॉक्टर जे सांगतील ते पटेलच असं नाही. तुम्हाला काही विचारायचंच असेल, तर आयएनआर किती आला ते विचारा.